दगड पेरावेत, विकत घेऊ नयेत

मंडळी, लिथॉप्स माहीत आहे ना? दक्षिण आफ्रिका आणि नामिबियाच्या कोरड्या माळावरचं चिमुकलं झाड. दोन जाडजूड पानं, मधे एक फट, बास! १८११ साली विल्यम बर्चेलने प्रीस्काजवळ गंमतशीर दगड म्हणून एक उचलला, तर ते झाड निघालं.

हल्ली ऑफिसात डेस्कावर ठेवायला लोक हे तयार मागवतात. माझं मत सरळ आहे: हवं असेल तर बी पेरा.

का? एक तर तयार झाड आलं कुठून, ते कळत नाही. लिथॉप्सचं चुलत भावंड म्हणजे कोनोफायटम. २०१९ पासून दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिम भागातून ते प्रचंड प्रमाणात उपटून परदेशी शौकिनांना विकलं जातंय. काही जाती एखाद्याच टेकडीवर वाढतात. टेकडी साफ, जात साफ. आता सगळी तयार झाडं चोरीची नसतात, बरीचशी नर्सरीत बियांपासूनच वाढवलेली असतात. पण फोटो बघून तुम्ही-आम्ही ओळखणार कसं?

उलट चांगल्या बियांना चक्क पत्ता असतो. डेस्मंड कोल हे भाषाशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी नॉरीन यांनी माळ पालथे घालून लिथॉप्सच्या एकेका ठिकाणाला नंबर दिला. बी आजही त्या 'कोल नंबर'ने विकलं जातं. आपल्या भाषेत, व्हर्जन कंट्रोल! (निळ्या लिथॉप्सचं बी कोणी विकत असेल तर सरळ पुढे जा. तसं काही नसतं.)

दुसरं म्हणजे झाडाचं वेळापत्रक कळतं. दरवर्षी जुनी पानं सुकतात आणि नवी जोडी त्यांच्यातलंच पाणी पिऊन वर येते. त्या काळात वरून पाणी दिलं की गडबड. तयार झाड आणणारा त्याला तुळशीसारखं रोज पाणी घालतो, आणि मग ते कुजतं.

कृती सोपी आहे. पावसाळा संपला की चाळलेला विटांचा चुरा, जाड वाळू आणि थोडं कोकोपीट कालवा. धुळीसारखं बी कोरड्या वाळूत मिसळून वर भुरभुरवा, झाकू नका. पाणी खालून द्या आणि डब्यावर पारदर्शक झाकण ठेवा. एक-दोन आठवड्यांत हिरवे ठिपके दिसतात. मग झाकण हळूहळू उघडत जायचं. नक्षी मात्र पुढच्या पानांवर येते.

फुलाला साधारण तीन वर्षं. "तीन वर्षं?!" म्हणाल. अहो, तेवढ्यात आपण दोन कंपन्या बदलतो! आणि दोन झाडं एकदम फुलली तर ब्रशने परागकण इकडचे तिकडे करा. स्वतःचंच बी मिळेल, मित्रांना वाटता येईल.

असो. विटांचा चुरा आत्ताच चाळून ठेवा, ऑक्टोबर बघता बघता येतो.