खिडकीवर न येण्याचे शुल्क

ग्राहक ज्याला ‘कन्व्हिनियन्स फी’ म्हणतात ते सुविधा शुल्क सेवेच्या किमतीचा भाग नसते. सेवा कोणत्या मार्गाने घेतली यावर ते ठरते, आणि म्हणूनच गाडी, वर्ग व अंतर तेच असूनही नाशिकरोड स्थानकाच्या आरक्षण खिडकीवर काढलेले तिकीट रेल्वेची ऑनलाइन तिकिटे विकणाऱ्या आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावरील तिकिटापेक्षा स्वस्त पडते. वातानुकूलित नसलेल्या वर्गासाठी १५ व वातानुकूलित वर्गासाठी ३० रुपये, यूपीआयने पैसे दिल्यास अनुक्रमे १० व २० रुपये, आणि वर वस्तू व सेवा कर, अशी ही आकारणी १ सप्टेंबर २०१९ रोजी सुरू झाली. ती प्रवाशामागे नसून तिकिटामागे असल्याने सहा जणांच्या कुटुंबाला फारशी जाणवत नाही. मात्र अंतराशी तिचा संबंध नसल्यामुळे मुंबईपर्यंत जाणाऱ्या एकट्या नाशिककराला ती हावड्याला जाणाऱ्याइतकीच भरावी लागते.

संकेतस्थळ चालवण्यास खर्च येतो, हे या शुल्काचे नेहमीचे समर्थन आहे आणि ते सर्वस्वी खोटे नाही. तथापि शुल्काचा इतिहास वेगळे काही सांगतो. पूर्वीचा २० व ४० रुपयांचा आकार नोटाबंदीनंतर २३ नोव्हेंबर २०१६ पासून माफ करण्यात आला, कारण तेव्हा लोकांनी रोकड सोडावी अशी सरकारचीच इच्छा होती. पुढे ऑक्टोबर २०२१ मध्ये रेल्वे मंत्रालयाने या उत्पन्नातील निम्मा वाटा मागितला, आयआरसीटीसीचा समभाग कोसळला आणि दुसऱ्याच दिवशी मंत्रालयाने मागणी मागे घेतली. ज्या रकमेतून निम्मी सहज मागता येते, ती केवळ खर्च भागवण्यापुरती असणे संभवत नाही. शिवाय व्यापारी सवलत दर, म्हणजे डिजिटल मार्गाने पैसे स्वीकारणाऱ्या विक्रेत्याकडून बँका कापून घेतात ती टक्केवारी, यूपीआय व रूपे डेबिट कार्डासाठी १ जानेवारी २०२० पासून शून्य आहे. तेव्हा यूपीआयवरील १० किंवा २० रुपयांना पैसे वळते करण्याचा खर्च म्हणता येत नाही.

खर्च रोखीलाही असतोच, आणि तो नाशिककरांना समजावून सांगण्याची गरज नाही, कारण १९२८ पासून करन्सी नोट प्रेस नाशिकरोडलाच आहे. नोट छापणे, वाहून नेणे, मोजणे, जपणे आणि फाटल्यावर बदलून देणे यांचा भार सर्वांवर विभागला जातो, म्हणून तो दिसत नाही. खिडकीवर बसणाऱ्या कर्मचाऱ्याचे वेतनही कोणी तिकिटावर वेगळे छापत नाही. ऑनलाइन ग्राहक हे काम स्वतःच्या वेळात, स्वतःच्या भ्रमणध्वनीवर आणि स्वतःच्या डेटावर उरकतो, आणि तरीही वेगळी आकारणी त्याच्याच वाट्याला येते. त्याचे प्रतीक्षायादीतील तिकीट निश्चित झाले नाही, तर तक्ता तयार होताच ते आपोआप रद्द होते, पण सुविधा शुल्क परत मिळत नाही. सुविधा नेमकी कोणती मिळाली, हा प्रश्न अशा वेळी विनोदी वाटतो.

वीज वितरण करणाऱ्या महावितरणचे धोरण नेमके उलट आहे. लघुदाब ग्राहकाने, म्हणजे घरे व दुकाने अशा सामान्य जोडण्या असलेल्याने, डिजिटल पद्धतीने देयक भरल्यास त्याला पाव टक्का, कमाल ५०० रुपयांपर्यंत, सूट मिळते आणि छापील देयकाऐवजी ई-मेल स्वीकारल्यास दरमहा १० रुपये वाचतात. सूट किरकोळ आहे, परंतु ग्राहकाने रांग टाळली तर कार्यालयाचेही काम हलके होते, हे तत्त्व तीत मान्य केलेले आहे.

चित्रपटगृहांची गोष्ट मात्र निराळी आहे. राज्य शासनाने ४ एप्रिल २०१३ आणि १८ मार्च २०१४ च्या आदेशांनी ऑनलाइन तिकिटांवरील सुविधा शुल्कास मनाई केली होती. मुंबई उच्च न्यायालयाने १० जुलै २०२५ रोजी हे आदेश रद्द केले, कारण त्यांना कायद्याचा आधार नव्हता आणि व्यवसायस्वातंत्र्याच्या मूलभूत हक्काला त्यांच्यामुळे बाध येत होता. हा निर्णय योग्य म्हणावा लागेल. चित्रपट पाहणे ऐच्छिक आहे, शहरात चित्रपटगृहे अनेक आहेत, आणि शुल्क नको असणाऱ्याला खिडकी मोकळी आहे.

रेल्वेच्या बाबतीत हा युक्तिवाद लंगडा पडतो, कारण रूळही एकच आणि विक्रेताही एकच. आरक्षण खिडकी गाठण्यासाठी नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा किंवा पेठ तालुक्याच्या माणसाला दिवसाची मजुरी आणि बसभाडे घालवावे लागते. त्याच्या दृष्टीने ‘खिडकी मोकळी आहे’ हे वाक्य निरर्थक ठरते. २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी देशभरातून भाविक नाशिकरोडला उतरतील आणि त्यांनी खिडक्यांवर गर्दी करू नये असेच प्रशासनाला वाटेल. रेल्वे मंत्रालयाने त्याआधी निदान यूपीआयवरील सुविधा शुल्क रद्द करावे आणि आपोआप रद्द होणाऱ्या तिकिटांवरील शुल्क प्रवाशाला परत द्यावे.