चिडाच्या शेजारी बांज हवा

जोंधळ्याच्या रानात आपण तुरीच्या काकऱ्या का घालतो? एक पीक बसले तर दुसरे हात देते, तुरीचा पाला जमिनीला मिळतो, आणि घरात भाकरीबरोबर डाळही येते. हाच न्याय जंगलालाही लागू आहे. तो पाहायला आज गढवालच्या डोंगरात जाऊ या.

हिमालयाच्या त्या उतारांवर चीड, देवदार ही सुईसारख्या पानांची झाडे आणि बांज, बुरांस ही रुंद पानांची झाडे वाढतात. चिडापासून राळ व टर्पेंटाइन मिळते, लाकूड रुळांखाली घालायला चालते. म्हणून इंग्रजी अमलात चिडाला मान मिळाला, बांज मागे पडला.

पण तिथल्या मायबहिणींना विचारा! बांजाचा पाला हिवाळ्यात गाईम्हशींना चारा होतो. वाळली पाने गोठ्यात अंथरली की त्यांचे खत होते. पाचोळ्याखालची भुसभुशीत माती पाऊस जिरवते. चिडाच्या सुयांना तिकडे पिरूल म्हणतात. जनावर त्याला तोंड लावत नाही, ते लवकर कुजत नाही, आणि उन्हाळ्यात एका ठिणगीने पेट घेते. जाड सालीचा मोठा चीड त्या आगीतून तरतो, बांजाची कोवळी रोपे जळतात. दर वणव्याबरोबर चिडाचे राज्य वाढत जाते.

म्हणून चीड वैरी ठरत नाही. उघड्या, खडकाळ उतारावर तोच आधी मूळ धरतो. त्याला एकट्याला डोंगर आंदण दिला, तर चाऱ्यासाठी बाईची पायपीट वाढते.

हे ओळखून पौडी गढवालातल्या उफरैंखालचे शिक्षक सच्चिदानंद भारती यांनी १९८० च्या सुमारास दूधातोली भागात गावकऱ्यांना घेऊन काम सुरू केले. गावच्या रोपवाटिकेत रोपे वाढवली, डोंगरावर नाना जातींची झाडे लावली. पुढे उतारावर हजारो लहान खड्डे खणले. त्यांना ते ‘चाल’ म्हणतात. पावसाचे पाणी त्यांत थांबून मुरू लागले. ‘सूखा रौला’ म्हणून ओळखला जाणारा कोरडा ओढा वाहू लागला, आणि लोकांनी त्याचे नाव गाडगंगा ठेवले.

आणि राखण कोणाची? बायकांची. टोकाला घुंगरू बांधलेली एक काठी असते, तिला ‘खांकर’ म्हणतात. दिवसभर रान राखून परतलेली बाई संध्याकाळी ती शेजारणीच्या दाराशी ठेवते. सकाळी जिच्या दारात काठी, तिची त्या दिवशी पाळी. पगारी रखवालदार नाही, की दंडाची पावती नाही.

वाचकहो, आपल्याकडे बांज नाही, पण गायरान आहे, बांध आहेत. तिथे नुसती निलगिरी लावण्याआधी घरातल्या बाईला विचारा, की तिला चारा, सरपण आणि सावली कोणत्या झाडाची हवी? तिने सांगितलेली चार जातींची रोपे यंदाच्या पावसाळ्यात लावा. आणि लावण्याच्या दिवशीच ठरवा, की राखणीची काठी पहिल्यांदा कोणाच्या दारात ठेवायची.