फलक कुठे लावलाय?

मैत्रिणींनो, मुलीला कॉलेजात घालताना आपण फी विचारतो, हॉस्टेल बघतो. तिथल्या तक्रार समितीत कोण आहे, हे विचारतो का? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांनुसार ही समिती हवीच. अध्यक्ष ज्येष्ठ प्राध्यापिका, एक बाहेरची व्यक्ती, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर तीन विद्यार्थीही. चौकशी ९० दिवसांत. मुलींबरोबर काही मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थीही छळाला बळी पडतात, हेही त्यात मान्य केलंय.

अशा एका समितीवर मी बाहेरची सदस्य आहे. वर्षभरात एकही तक्रार नाही म्हणून प्राचार्य खूश! अहो, नावांचा फलक ऑफिसात, कपाटाच्या आड. मी तो लेडीज रूममध्ये लावून घेतला. तर ‘बायल्या’ म्हणून रोज चिडवला जाणारा एक मुलगा हळूच म्हणाला, ‘‘मॅडम, आम्ही कुठे वाचायचा?’’ आता दुसरा फलक लायब्ररीच्या दाराशी आहे.