अशोकाची साल आणि आपला प्रश्न

अशोकारिष्टाचा गुण पूर्वीसारखा येत नाही, अशी तक्रार वैद्यवर्गातून वारंवार ऐकू येते. कारण ठरलेले, सालीतील भेसळ. उपायही ठरलेला, व्यापाऱ्यावर कारवाई आणि फार्मसीत अधिक चाचण्या. आधी रोगपरीक्षा, मग औषध हा चरकाचार्यांचा क्रम आपण रुग्णापुढे पाळतो. स्वतःच्या व्यवसायाचे दुखणे मात्र निदानावाचूनच चिकित्सेस घेतो.

गेल्या हंगामात आमच्या एका सभासदाच्या फार्मसीतून सालीचे पोते परत गेले. बदली आलेले पोतेही तसेच निघाले. तेव्हा व्यापाऱ्याला वगळून आम्ही साल काढणाऱ्यासच गाठले. झाड दाखव म्हणताच तो निःसंकोचपणे एका वसाहतीच्या कुंपणाशी घेऊन गेला आणि नागमोडी कडांच्या लांब पानांची ती उंच, सरळसोट झाडे दाखवून म्हणाला, "हाच की अशोक!" त्याचे काय चुकले? शाळा, बंगले, कचेऱ्या, सर्वत्र लोक यालाच अशोक म्हणतात. आमच्या दवाखान्यासमोरही तोच उभा आहे. वस्तुतः तो पॉलिअल्थिया लाँजिफोलिया, सीताफळाच्या कुलातला. ग्रंथोक्त सीता अशोक, म्हणजे सराका असोका, शिंबी कुलातला. त्याची पाने संयुक्त, पालवी तांबूस व लोंबती, फुलांचे गुच्छ केशरी-तांबडे.

लबाडी होतच नाही, असे आम्ही म्हणत नाही. परंतु चोर कोण, या प्रश्नाआधी खरी साल येणार कोठून, हा प्रश्न आहे. भैषज्यरत्नावलीतील पाठाप्रमाणे एका घाणास एक तुळा, म्हणजे आजच्या मानाने ४.८ किलो साल लागते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने १९९८ मध्येच हा वृक्ष धोक्यातील जातींत नोंदविला. चाचणी खोटे पोते नाकारील, खरे आणून देणार नाही. आणि आपली खरेदीपत्रे? 'अशोक साल, किमान दर' एवढेच त्यांत असते. वैद्यांचेही तेच. गुण येईना म्हणून आम्ही रक्तप्रदराच्या रुग्णेची मात्रा वाढविली, निदानही बदलून पाहिले. बाटलीत कोणत्या झाडाची साल आहे, हे विचारले नाही.

यापुढे खरेदीपत्रात 'सीता अशोक' असे स्पष्ट लिहावे, मालासोबत त्याच झाडाची पानाफुलांची डहाळी मागावी आणि लागवड करणाऱ्याशी काही वर्षांचा करार करावा, असे आमचे मत आहे. दर अर्थातच वाढेल. तो भार फार्मसीने सोसावा, वैद्याने की रुग्णाने, यावर आगामी सर्वसाधारण सभेत चर्चेस वेळ राखून ठेवावा, अशी कार्यकारिणीस विनंती आहे.