गुडघा राखता येईल का?

पाय कापावा लागणार, असे डॉक्टरांनी सांगितले की घरातील मंडळी प्रथम विचारतात, ‘दुसरा काही उपाय नाही का?’ नाही असे उत्तर मिळाल्यावर पुढचा प्रश्न विचारण्याचे भान क्वचितच कोणाला उरते. वास्तविक रोग्याचे पुढील आयुष्य त्यावरच अवलंबून असते: पाय कोठून कापणार, गुडघ्याखाली की गुडघ्याच्या वर?

वाचकहो, हा फरक केवळ वीतभर लांबीचा नव्हे. गुडघा राहिला तर कृत्रिम पायाने चालणे, उठणे-बसणे, जिना चढणे पुष्कळ सुकर होते. तो गेला तर चालण्याचे श्रम इतके वाढतात की वृद्ध रोगी अनेकदा खुर्चीलाच खिळून राहतो. मग गुडघा दर वेळी का राखीत नाहीत? मधुमेहाने किंवा धूम्रपानाने रक्तवाहिन्या अरुंद झाल्या असतील, तर पायात जो जो खाली जावे तो तो रक्त कमी पोहोचते. फार खाली कापले तर टाक्यांची जखम भरत नाही, कडा काळ्या पडतात आणि त्या दुर्बळ जिवाला पुन्हा शस्त्रक्रियेस सामोरे जावे लागते.

पूर्वी शस्त्रवैद्य कातडीची ऊब, रंग आणि नाडी पाहून अदमास बांधीत. पण गुडघ्यामागची नाडी हाताला लागत नसतानाही त्याखालची जखम भरून आल्याची उदाहरणे आहेत. उलट, मधुमेहात रोहिण्यांच्या भिंतींत चुना साठून त्या कडक होतात, त्यामुळे घोट्याजवळचा रक्तदाब फसवा, म्हणजे चढा दिसतो. तेव्हा प्रत्यक्ष कातडीलाच विचारावे, हे बरे.

२०२० च्या करोना साथीत बोटाला लावायचा चिमटा घरोघरी आला, तो हा नव्हे. रक्ताने प्राणवायूचा किती भार उचलला आहे, एवढेच तो चिमटा सांगतो. गोदाम भरलेले असले म्हणून शेवटच्या घरची चूल पेटतेच असे नाही! कातडीपर्यंत प्राणवायू किती पोहोचला, हे सांगणारे साधन जर्मनीतील हूख दांपत्याने १९७० नंतरच्या दशकात नवजात अर्भकांसाठी सिद्ध केले. पुढे ते पायांच्याही कामी आले. एक लहानशी चकती कातडीला चिकटवून सुमारे ४४ अंश सेल्सिअसपर्यंत तापवितात. उबेने तेथील केशवाहिन्या फुलतात, प्राणवायू कातडीतून झिरपतो आणि पंधरा-वीस मिनिटांत आकडा स्थिर होतो. सुई नाही, रक्त काढणे नाही. तुलनेसाठी दुसरी चकती छातीवर लावतात.

आकडा पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये असतो. ४० च्या वर असेल तर जखम भरून येण्याची आशा चांगली. २० च्या खाली असेल तर फारच थोडी. मधल्या आकड्यांवर भांडण्यात अर्थ नाही. तेथे अनुभवी डॉक्टरांचाच निर्णय मानावा. शिवाय सुजलेल्या किंवा पू झालेल्या पायावर आकडा मुळातच कमी येतो. अशा वेळी रोग्यास नळीने प्राणवायू देऊन पुन्हा मोजतात. आकडा चांगला चढला तर आशेला जागा असते.

हे यंत्र सर्वच रुग्णालयांत नसते, आणि पायातील विष अंगात भिनू लागले असेल तर मोजमापासाठी थांबताही येत नाही. पण सवड असेल आणि आकडा कमी आला असेल, तर तुंबलेली रोहिणी फुग्याने रुंद करता येईल का, किंवा तिला वळसा घालून रक्त खाली नेता येईल का, हे रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञास अवश्य विचारावे. तसे झाल्यास काही आठवड्यांनी त्याच जागी चकती पुन्हा लावून पाहतात.