हॉलची तारीख आणि मनाची संमती

नाताळ सरला की राखेच्या बुधवारापर्यंत, आणि पुनरुत्थानाचा सण झाला की पाऊस सुरू होईपर्यंत, असे आपल्या वसईत लग्नांचे दोन हंगाम. या दिवसांत धर्मग्रामाच्या कार्यालयात जो संवाद होतो तो गावोगाव सारखाच. वडीलधारी मंडळी येतात आणि म्हणतात, "फादर, अमुक तारखेचा हॉल मिळाला आहे. त्या दिवशी संध्याकाळची मिस्सा द्या." हॉल वर्षभर आधी ठरलेला असतो. त्यापाठोपाठ केटरर, बँड, व्हिडिओवाला, करवल्यांच्या कपड्यांचा रंग, सारे ठरते. पत्रिकेचा मजकूर छापखान्यात गेलेला असतो. विवाहपूर्व शिबिराचे काय, असे विचारले की उत्तर येते, "तेवढं सर्टिफिकेट राहिलंय, फादर. पुढच्या महिन्यात उरकून टाकतील."

या 'उरकून टाकतील'वर आमचा आक्षेप आहे. हा आक्षेप आम्ही सौम्य शब्दांत मांडणार नाही, कारण गेली अनेक वर्षे तो सौम्य शब्दांत मांडून झाला आहे आणि मांडवाच्या रोषणाईपलीकडे तो कोणाला ऐकू गेलेला नाही. आमचे म्हणणे एवढेच की, आपल्या समाजात लग्नाची तयारी होते, संसाराची होत नाही. आणि लग्नाची तयारी ज्या क्रमाने होते तो क्रमच संसाराच्या मुळावर येतो.

विवाह कशाने होतो? हॉलने होत नाही, सोन्याने होत नाही, पुरोहिताच्या आशीर्वादानेही होत नाही. तो दोघांच्या संमतीने होतो. १९८३ च्या धर्मसंहितेत स्पष्ट म्हटले आहे की ही संमती दुसरी कोणतीही मानवी सत्ता वधूवरांच्या वतीने देऊ शकत नाही. म्हणूनच वेदीसमोर त्यांना प्रथम विचारले जाते, तुम्ही येथे मुक्त मनाने आला आहात ना? मग निष्ठेविषयी, मग मुलांविषयी. पहिला प्रश्न स्वातंत्र्याचा आहे, हे ध्यानात घ्यावे. आता आम्ही आईबापांना विचारतो: जिच्या लग्नाच्या सातशे पत्रिका वाटून झाल्या आहेत, जिच्या मामाने आखातातून रजा टाकून विमानाचे तिकीट काढले आहे, जिच्या बापाने हॉलची अनामत भरली आहे, त्या मुलीच्या मनात शेवटच्या महिन्यात खरीखुरी शंका उभी राहिली तर ती कोणत्या तोंडाने नाही म्हणेल? पत्रिका छापल्याने विवाह अवैध ठरतो, असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्या दारातून मागे फिरता येते ते दार आपण आपल्या हातांनी लावून घेतो आणि मग पुरोहिताला सांगतो, आता विचारा त्यांना, मुक्त मनाने आला आहात का!

धर्मसभेने हे दार उघडे राहावे म्हणून शतकानुशतके काळजी वाहिली आहे. विवाहाची जाहीर घोषणा देवालयात करावी, हा नियम १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने सर्वत्र लागू केला. १५६३ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने तीन वेळा घोषणा आणि धर्मगुरू व साक्षीदारांची उपस्थिती आवश्यक ठरविली. घोषणेचा हेतू नावे ऐकवून मिरविण्याचा नव्हता. कोणाला हरकत असेल तर त्याने ती वेळेत सांगावी, यासाठी ती होती. आज घोषणा होते तेव्हा आहेराची यादीसुद्धा तयार असते.

साखरपुड्याबाबतही तेच. आपल्याकडे साखरपुडा मोडला की मुलीच्या नावाला डाग लागतो. धर्मसंहिता काय म्हणते? विवाहाचे वचन दिले म्हणून कोणालाही विवाहाची सक्ती करता येत नाही. वचन मोडल्याने नुकसान झाले असेल तर ते भरून मागता येते. लग्न मागता येत नाही. म्हणजे जी गोष्ट धर्मसभा माफ करते तिला समाज क्षमा करीत नाही. साखरपुड्यानंतर दोघांनी एकमेकांना पारखून 'आपले जमणार नाही' असे प्रामाणिकपणे सांगितले, तर ती कुटुंबाची बेअब्रू नव्हे. तो काळ त्यासाठीच दिलेला आहे. मोडलेल्या साखरपुड्याची चर्चा चार महिने चालते. मोडलेल्या संसाराची झळ दोन पिढ्यांना लागते.

आता कोणी म्हणेल, फादर, मुलेमुली हल्ली शिकलेली आहेत, एकमेकांना दोन-दोन वर्षे ओळखतात, त्यांना काय विचारायचे राहिले? आम्ही सांगतो काय राहिले. लग्नानंतर राहायचे कोठे, हे ठरलेले नसते. मुलगा गृहीत धरतो की आईवडिलांच्या घरात. मुलगी गृहीत धरते की वर्षभरात वेगळी खोली. ती सकाळी साडेसहाची चर्चगेट लोकल पकडते, रात्री आठला परत येते. तिने आल्यावर स्वयंपाकघरात उभे राहावे की नाही, हे कोणी बोललेले नसते. तिचा पगार कोणाच्या हाती जाणार? तिच्या आईबापांना मुलगा नसेल तर त्यांच्या औषधपाण्याला ती पैसे देऊ शकेल का? पहिले मूल केव्हा, आणि ते कोणी सांभाळायचे? नवऱ्याने धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी काढलेले कर्ज तिला ठाऊक आहे काय? दोन वर्षांच्या ओळखीत हे प्रश्न निघालेले नसतात, कारण ते काढणे म्हणजे प्रेमावर अविश्वास, अशी समजूत आहे. आमच्या मते ते न काढणे हाच अविश्वास.

घराचाच प्रश्न घ्या. वडिलांच्या नावावरील जुन्या घरावर मुलगा आपल्या व बायकोच्या पगारातून मजला चढवतो. दोघे दहा वर्षे हप्ते भरतात. आपल्याला, म्हणजे ख्रिस्ती कुटुंबांना, १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. त्यानुसार वडील मृत्युपत्र न करता गेले तर आईला एक-तृतीयांश आणि उरलेले सर्व मुलगे व मुली यांना समान. वरचा मजला कोणाच्या पगारातून चढला, हे सातबाऱ्याच्या उताऱ्यावर लिहिलेले नसते. आणि मुलगाच वडिलांच्या आधी गेला, तर सासऱ्यांच्या मिळकतीत सून स्वतःच्या हक्काने वारस ठरत नाही. बहिणींचा समान वाटा न्याय्यच आहे. तो हक्कसोड पत्रावर सह्या घेऊन बुडविणारे भाऊ आम्हांला मान्य नाहीत. परंतु म्हणूनच मजला चढविण्याआधी वडील, भावंडे आणि सून यांनी एकत्र बसून लेखी काय ते ठरवावे. तसे होत नाही. वीट चढते, बोलणे होत नाही, आणि वीस वर्षांनी सख्खी भावंडे एकाच देवालयात वेगवेगळ्या बाकांवर बसतात.

मग येतो कर्जाचा भाग. "लग्न एकदाच होते," हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकतो की ते दहा आज्ञांपैकी एक असावे असे वाटू लागते. होय, लग्न एकदाच होते. म्हणूनच त्याची सुरुवात पतपेढीच्या हप्त्याने होऊ नये. साधा हिशेब मांडू या. पाच लाखांचे कर्ज बारा टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ११,१०० रुपये येतो आणि पाच वर्षांत व्याजापोटी सुमारे १ लाख ६७ हजार रुपये जातात. एका संध्याकाळच्या जेवणावळीसाठी! हा हप्ता भरत असताना पहिले बाळंतपण येते, सासऱ्यांचे आजारपण येते, नोकरी जाते. मग घरात आवाज चढतो. कार्यालयात आलेली जोडपी सांगतात, "फादर, आमचं पटत नाही." जरा खोदून विचारावे तर न पटण्याच्या तळाशी पुष्कळदा हप्त्याचे पुस्तक सापडते. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये कुटुंबाविषयीच्या आपल्या पत्रकात हीच व्यथा मांडली होती: समारंभाच्या खटाटोपात वधूवर दमून जातात, आणि ज्या पावलासाठी हे सारे चालले आहे त्याला सामोरे जाण्याची ताकदच त्यांच्यात उरत नाही.

लोक काय म्हणतील, ही दुसरी सबब. लोक जेवतील, भाजी खारट होती म्हणतील आणि घरी जातील. हप्ता भरायला त्यांतील एकही येणार नाही.

तिसरा आक्षेप आमच्यावरच असतो: तुम्हा धर्मगुरूंना संसाराचा काय अनुभव? प्रश्न रास्त आहे. आम्ही संसार केलेला नाही, हे खरे. परंतु लग्नात सातशे माणसे येतात आणि अठरा महिन्यांनंतर जेव्हा ती मुलगी माहेरी बसलेली असते, तेव्हा दार ठोठावले जाते ते आमचे. त्या सातशेंपैकी कोणाचे नव्हे. विवाह न्यायालयाच्या कागदांत जी दुःखे लिहिली जातात, त्यांत 'आम्ही यावर कधी बोललोच नव्हतो' हे वाक्य कोणत्या ना कोणत्या रूपात येतेच. २०१५ मध्ये त्या न्यायप्रक्रियेत सुधारणा होऊन ती सोपी करण्यात आली, हे चांगलेच झाले. पण निकाल लवकर लागतो म्हणून जखम उथळ होत नाही.

नवविवाहितांच्या आईवडिलांनाही आम्हांला काही सांगायचे आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात विवाहाविषयी जे लिहिले आहे ते पुन्हा काळजीपूर्वक वाचावे. आईबापांना सोडून पत्नीशी जडून राहणारा तेथे पुरुष आहे. आपण नेमके उलट करतो. मुलीने आईबाप सोडावेत, गाव सोडावे, आडनाव सोडावे. मुलाने मात्र आईच्या हातची चटणीसुद्धा सोडू नये! आईवडिलांचा मान राखा, ही आज्ञा अबाधित आहे आणि म्हातारपणी त्यांना एकटे टाकणाऱ्यांची बाजू आम्ही कधीही घेणार नाही. पण मान राखणे आणि मुठीत राहणे यांत अंतर आहे. नव्या जोडप्याच्या खोलीला कडी असावी, त्यांच्या पैशाचा हिशेब त्यांनी ठेवावा, आणि त्यांच्या भांडणात तिसऱ्याने न बोलावता पडू नये. सासूबाईंनी सुनेला मुलगी म्हणावेच असे नाही. तिला घरातली एक सज्ञान बाई मानले तरी पुरे.

तर मग करावे काय? विवाह करण्याचा प्रत्येकाला हक्क आहे, त्यामुळे शिबिर उशिरा केले म्हणून कोणाचे लग्न अडविण्याचा अधिकार आम्हांला नाही, आणि तो मिळावा अशी इच्छाही नाही. आमची मागणी कायद्याची नाही, क्रमाची आहे. आधी शिबिर, मग तारीख, मग हॉल. शिबिर लग्नाच्या किमान सहा महिने आधी व्हावे, जेणेकरून तेथे उठलेल्या प्रश्नावर विचार करायला दोघांना सवड मिळेल. साखरपुड्यानंतर मुलामुलीने एक वही घ्यावी आणि राहणे, पगार, कर्ज, मुले, दोन्हीकडचे आईवडील, घराची मालकी या सहा गोष्टींवर प्रत्येकाने स्वतंत्रपणे आपले मत लिहावे. मग वह्या अदलाबदल कराव्यात. जेथे मते जुळत नाहीत तेथे भांडावे, मनसोक्त भांडावे. ते भांडण लग्नानंतरच्या भांडणापेक्षा स्वस्त पडेल. आणि त्यातून लग्न पुढे ढकलावे लागले किंवा रद्द करावे लागले, तर शेजाऱ्यापाजाऱ्यांनी, मावश्या-आत्यांनी आणि आम्हीही, त्या दोन घरांशी पूर्वीसारखेच वागावे. हे शेवटचे काम सर्वांत अवघड आहे, आणि ते धर्मगुरूच्या प्रवचनाने होणारे नाही. ते तुमच्या ओट्यावर, तुमच्या विहिरीवर, रविवारच्या मिस्सेनंतर देवालयाच्या अंगणात व्हायचे आहे.

काना येथील लग्नात द्राक्षारस सरला, तेव्हा ते प्रथम पवित्र मरियेच्या ध्यानात आले. तिने यजमानांची नाचक्की केली नाही, त्यांना कर्ज काढायला लावले नाही; उणीव ज्याला भरता येईल त्याच्या कानावर ती घातली. आपल्या घरी यंदा लग्न असेल, तर मांडवात काय कमी पडेल याची चिंता करायला माणसे पुष्कळ आहेत. त्या दोघांत काय कमी पडते आहे, हे पाहणारे एक तरी माणूस घरात असू द्या. आणि ते पत्रिका छापण्याआधी बोलू द्या.