असे का होते? : चार चाकांची रस्सीखेच

मुलांनो, मागच्या पावसाळ्यातली गोष्ट सांगते. पाचवीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत डबा न उघडताच कोपऱ्यात बसला होता. "काय रे, काय झालं?" असे विचारले, तर त्याचे डोळेच भरून आले. म्हणाला, "बाई, माझ्यामुळं काकांची जीप मोडली."

झाले होते असे. त्यांचा ऊस दौंड तालुक्यात, भीमेच्या काठी. तिथली काळी जमीन पावसात भिजली की धरलेला पाय सोडत नाही. काकांची जुनी जीप बांधाजवळ रुतली. काकांनी गिअरशेजारचा छोटा दांडा ओढला. आता पुढच्या चाकांनाही इंजिनाची ताकद मिळू लागली आणि जीप चिखलातून बाहेर आली. शाब्बास! मग दोघे पारगावचा पूल ओलांडून न्हावऱ्यामार्गे शिरूरला निघाले. रस्ता डांबरी आणि कोरडा. तरी वळणावर स्टिअरिंग जड व्हायचे, गाडी हिसके द्यायची. काकांनी दांडा मागे ढकलून पाहिला, पण तो जागचा हलेना. शिरूर जवळ आले आणि खालून 'खाड्' असा आवाज झाला! काका चिडले, "तूच दांड्याला पाय लावला असशील!"

मी त्याला म्हटले, "रडू नकोस. आधी माझी सायकल घेऊन मैदानावर चल."

मैदान ओले होते. त्याला सायकलवर बसून एक गोल फेरी मारायला सांगितले. जमिनीवर दोन खुणा उमटल्या. बाहेरची मोठी खूण पुढच्या चाकाची, आतली छोटी मागच्या चाकाची. म्हणजे वळताना पुढचे चाक मागच्यापेक्षा जास्त अंतर चालते. जीपचेही तसेच!

कवायतीत चौघांची रांग वळते, तेव्हा आतला मुलगा जागच्या जागी पाय आपटतो आणि बाहेरच्याला मोठी पावले टाकावी लागतात. गाडीच्या डाव्या-उजव्या चाकांचेही असेच होते. म्हणून त्यांच्यामध्ये 'डिफरन्शियल' नावाची दातेरी चाकांची जुळणी असते. ट्रकच्या मागच्या ॲक्सलच्या मधोमध मोठा फुगीर गोळा दिसतो ना, ती तिथेच असते. ताकद दोन्ही चाकांना मिळते, पण कमी-जास्त फिरायची मोकळीकही मिळते.

मग पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये अशी मोकळीक कोण देते? इथेच खरी गंमत आहे, बरं का!

काकांच्या जीपमध्ये कोणीच देत नाही. तिचा फोर-व्हील ड्राइव्ह 'पार्ट-टाइम', म्हणजे गरजेपुरता. दांडा ओढला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट जोडले जातात. वळणावर पुढची चाके म्हणतात, "आम्हाला जास्त फेरे हवेत," आणि जोडणी म्हणते, "मुळीच मिळणार नाहीत!" चिखलात टायर थोडे घसरतात आणि हिशेब मिटतो. कोरड्या डांबरावर टायर घसरत नाहीत. मग ओला पंचा पिळावा तसा शाफ्टमध्ये पीळ साठतो. त्या पिळामुळेच दांडा अडकतो. पीळ फार वाढला, की जो भाग सर्वांत कमजोर तो तुटतो. त्या दिवशी शाफ्टचा 'क्रॉस' तुटला होता.

दुसरा प्रकार 'फुल-टाइम'. यात चारही चाकांना नेहमीच ताकद मिळते. पण पुढच्या आणि मागच्या शाफ्टमध्ये तिसरे डिफरन्शियल बसवलेले असते, म्हणून डांबरावर भांडण होत नाही. 1970 साली इंग्लंडमध्ये आलेली रेंज रोव्हर अशीच होती. मग हीच चांगली म्हणायची का? थांबा! चिखलात एक चाक नुसते गरगर फिरू लागले, तर मोकळीक देणारे हे डिफरन्शियल सगळी फिरकी त्यालाच देऊन टाकते आणि गाडी जागेवरच राहते. म्हणून मधल्या डिफरन्शियलला कुलूप लावायची सोय असते. कुलूप लावले की ती गाडीही काकांच्या जीपसारखीच होते. डांबर लागले की ते काढायचे!

दुसऱ्या महायुद्धासाठी 1941 पासून अमेरिकेत लाखो जीपगाड्या बनल्या, त्या पार्ट-टाइमच होत्या. त्याच घराण्यातली जीप पुढे महिंद्रा कंपनी मुंबईत जोडू लागली. कमी भाग, सोपी दुरुस्ती आणि एरवी दोनच चाकांवर चालणे, म्हणून शेतकऱ्याला ती परवडली. मात्र दांडा कधी ओढायचा आणि कधी सोडायचा, हे चालवणाऱ्याच्या लक्षात राहायला हवे.

संध्याकाळी मी त्या मुलाबरोबर गॅरेजमध्ये गेले. मिस्त्री काकांना तेच सांगत होते, "डांबरावर यायच्या आधीच दांडा काढायचा, शेठ. अडकला तर गाडी थोडी सरळ मागं घ्यायची. पीळ सुटला की आपोआप निघतो. पोराच्या पायानं काय होतंय!"

काका काही बोलले नाहीत. नुसता पुतण्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

आता तो पुन्हा पुढच्या सीटवर बसतो. दांड्याला हात लावत नाही. पण डांबरी रस्ता दिसला रे दिसला, की ओरडतो, "काका, दांडा!"

करून पाहा : ओल्या मैदानावर सायकलचे एक मोठे आणि एक छोटे वर्तुळ काढा. कोणत्या वर्तुळात दोन खुणांमधले अंतर जास्त आहे? पट्टीने मोजा आणि कारण वहीत लिहा.